इसिकेलीचा सुटा कॉम्प्युटर

इसिकेली माझ्या दुकानात आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. कॉम्प्युटर किती वेगाने चालतो, किती वर्षं टिकतो, हे इतर लोक विचारतात. हा माणूस एकेक सीपीयू दोन हातांनी उचलून खाली ठेवत होता.

"यातला सगळ्यात जड कुठला?" त्याने विचारलं.

फिजीतल्या लौतोकाच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्याने एकतीस वर्षं काढली होती, म्हणून मी आधी हसण्यावारी नेलं. उसाचा ट्रक काट्यावर चढायच्या आधी नुसत्या आवाजावरून तो वजन सांगायचा, आणि ट्रकवाल्यांना काट्यापेक्षा त्याचाच आकडा जास्त पटायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बायको वारलेली, मुलगी सिडनीत नर्स. वाइयावीच्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात तो एकटा राहायचा, माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर. माझा धंदाही निवृत्तांचाच. ब्रिस्बेनकडच्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर कंटेनरने येतात. मी त्यांची धूळ उडवतो, पंखा बदलतो, नवी डिस्क घालतो आणि एक वर्षाच्या हमीवर विकतो.

मी त्याला एक चांगला, स्वस्तातला लॅपटॉप दाखवला. घरगुती वापराला याहून बरं काही नाही म्हटलं. त्याने तो एका बोटाने बाजूला सारला.

"मेहुण्या, हा काखेत मारून नेता येतो," तो म्हणाला. इकडे दोस्ताला थट्टेत मेहुणा म्हणतात. त्याने म्हटलं की आपणही म्हणायचं. "रविवारी भाचा जेवायला येईल आणि सोमवारी हा लॅपटॉप त्याच्या घरी चार्ज होत असेल. मला असा दे, जो उचलताना माणूस दोनदा विचार करील."

तेव्हा मला त्या वजनाचा उलगडा झाला. भानगड होती केरेकेरेची. आपल्या माणसाची वस्तू आवडली, गरज लागली, तर केरेकेरे म्हणून मागायची. मागणाऱ्याने लाजायचं नाही आणि मालकाने नाही म्हणायचं नाही. त्यातही बहिणीचा मुलगा म्हणजे मामाच्या घराचा जावईच. त्याने नुसतं कौतुकाने बघितलं तरी वस्तू त्याची. दिलेली वस्तू परत मागणं तर कोणाच्या स्वप्नातही येत नाही. मी हिंदुस्थानातून करारावर ऊसतोडीला आलेल्या गिरमिटियांचा पणतू. माझ्या घरात कोणी चमचा मागून नेला तर बायको दोन दिवस त्याची वाट बघते. दुकानाच्या दारावर मी मोठ्या अक्षरात पाटी लावली होती: 'इथे केरेकेरे चालणार नाही.'

इसिकेलीने सगळ्यात जड डेस्कटॉप पसंत केला. त्या बिचाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. लॅपटॉप एकदाच मागता येतो. डेस्कटॉप तुकड्या-तुकड्यांत मागता येतो. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण गिऱ्हाईक पैसे मोजत असताना दुकानदाराने शहाणपण शिकवू नये, असं माझं तेव्हाचं मत होतं.

घरी जाऊन मी सगळं जोडून दिलं. मग त्याने दार लावून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला आणि एक पत्र माझ्या हातात ठेवलं. विद्यापीठाचं होतं. तरुणपणी तो राजधानीत, सुवाला, शिकायला होता. पदविकेचा शेवटचा एकच पेपर राहिला असताना वडील वारले. थोरला मुलगा म्हणून तो क्रियाकर्माला गावी आला, आणि धाकटी भावंडं बघून परत गेलाच नाही. आता विद्यापीठ तो जुना अभ्यासक्रम कायमचा बंद करत होतं. ज्यांचा एकच पेपर उरलाय त्यांना शेवटची संधी होती: नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारी दोन वाजता, घरच्या कॉम्प्युटरवर. त्यानंतर त्याने पास केलेले बाकीचे पेपरही रद्द होणार होते. विषय होता संख्याशास्त्र.

"कारखान्यातले कालचे पोरगे मला सांगायचे, इसिकेली, शिकला असतास तर साहेब झाला असतास," तो म्हणाला. "मला आता साहेब व्हायचं नाही. पण मी ते अर्धवट टाकलंय, हे रोज सकाळी आठवतं."

हे त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही त्याने शपथ घातली. एकोणसाठाव्या वर्षी मामा परीक्षेला बसला आणि नापास झाला, ही बातमी गावभर होण्यापेक्षा त्याला ट्रकखाली गेलेलं चाललं असतं. नातेवाइकांना त्याने सांगितलं की जुनी भजनं ऐकायला कॉम्प्युटर घेतलाय. परीक्षेचा प्रोग्रॅम मी त्या सीपीयूवर चढवून दिला. विद्यापीठाची अट अशी होती की एकदा सीपीयूची नोंद झाली की परीक्षा त्याच्यावरच द्यायची, दुसरा चालणार नाही. ही अट मी त्याला दोनदा वाचून दाखवली.

पहिल्याच आठवड्यात तो परत आला आणि एक माउस दे म्हणाला.

"मोडला?"

"नाही. भाच्याला आवडला."

भाचा म्हणजे साकिउसा, सावेनीला राहणारा, अंगाने आडदांड आणि मनाने लोण्यासारखा. त्याच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. मग माउस कशाला, असं मी विचारलं. हातात चांगला बसतो म्हणे. पुढच्या आठवड्यात कीबोर्ड गेला; चर्चच्या महिला मंडळाच्या चिटणीसबाई तो घेऊन गेल्या. मी दुसरा दिला. मग वासेवा आत्या आली. ही इसिकेलीच्या वडिलांची बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण रग्बीचा एक सामना चुकवत नाही. तिचा टीव्ही लहान होता आणि कोणाच्या हातात चेंडू आहे ते तिला दिसत नव्हतं. तिने इसिकेलीच्या स्क्रीनकडे नुसतं बघून सुस्कारा सोडला. संध्याकाळी स्क्रीन तिच्या घरी.

मी त्याला दुसरा स्क्रीन विकला, मुद्दाम लहान. एवढं इमानी गिऱ्हाईक मी धंद्यात पाहिलं नव्हतं. वायरीसुद्धा तीनदा नेल्या त्याने. सुरुवातीला मला मजा वाटली, मग मला माझीच लाज वाटायला लागली. चौथ्या वेळी मी त्याला फुकट माउस देऊ केला, तर तो ताठ उभा राहिला. त्याच्या घरून कोणी रिकाम्या हाताने जात नव्हतं, पण तो स्वतः कोणाकडून काही घ्यायचा नाही. आजारी पडला तर कडी लावून पडायचा, आणि कोणी पेज घेऊन आलं तर आतून सांगायचा, जेवलो. याचं त्याला भारी कौतुक होतं. मी एकदा म्हटलं, मेहुण्या, लोकांना सांग ना की परीक्षा होईपर्यंत थांबा. तो म्हणाला, सांगितलं तर का ते सांगावं लागेल. अभ्यास मात्र कसून चालला होता. माझ्या दुकानात उभं राहून तो आत आलेल्या गिऱ्हाइकांची सरासरी काढायचा. दहापैकी सात जण काही न घेता जातात, हे त्याने मला संख्याशास्त्राने सिद्ध करून दाखवलं. मला ते अनुभवाने माहीत होतंच.

परीक्षेच्या शनिवारी सकाळी परीक्षेला लागणारा कॅमेरा तपासायला म्हणून मी त्याच्याकडे गेलो. इसिकेली इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून खुर्चीवर बसला होता. टेबलावर स्क्रीन होता, कीबोर्ड होता, माउस होता, आणि सगळ्यांच्या वायरी खाली लोंबत होत्या. सीपीयू नव्हता.

"साकिउसा परवा आला होता," तो म्हणाला.

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. जडच्या जड डबा त्या पोराने खांद्यावर टाकून नेला होता. आणि हा दोन दिवस गप्प बसून काय करत होता म्हणाल, तर पुस्तकातली उदाहरणं सोडवत होता. मी चिडलो. तू माणूस आहेस की देवळातलं सदावर्त, असं मी त्याला म्हणालो. त्याचा चेहरा बघून मला पुढचं बोलवेना. मी त्याला व्हॅनमध्ये बसवलं. साडेनऊ वाजले होते.

वाटेत त्याने मला बजावलं की दिलेली वस्तू मागायची नाही. मग आपण तिथे कशाला चाललोय, मी विचारलं. भेटायला, तो म्हणाला.

साकिउसाच्या घरी आम्ही चटईवर बसून चहा प्यायलो आणि पुढ्यात गरमगरम बाबाकाऊ आले. तळलेल्या पिठाच्या त्या गोळ्यांपायी जीव द्यावा, पण माझी नजर खोलीभर फिरत होती. सीपीयू कुठे दिसत नव्हता. इसिकेलीने हवेची चौकशी केली, पोरांची केली, डुकरांची केली. साकिउसा मामाला बघून इतका खूश झाला होता की त्याने आपणहूनच सांगितलं: मामाची भेट बायकोच्या भावाच्या, मानोआच्या मुलांना अभ्यासाला दिली. मी तोंड उघडलं. इसिकेलीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी ते चहासाठी उघडल्यासारखं केलं.

मानोआ वितोंगोला राहतो, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. तिथे पुन्हा चटई, पुन्हा चहा, वर उकडलेला कसावा आणि नारळाच्या दुधातली मासळी. नको म्हणायची सोय नाही. मानोआ अभिमानाने म्हणाला की चर्चचा कॉम्प्युटर बंद पडला होता, पाद्रीबाबांची अडचण बघवेना, म्हणून मुलांनीच सांगितलं की बाबा, आपला देऊन टाका. इतकी चांगली माणसं एकापुढे एक बघून माझं डोकं फिरायची वेळ आली. घड्याळात बाराला दहा कमी होते.

पाद्रीबाबांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, आणि ते जेवायला बसत होते. आम्हालाही बसवलं. बाजूच्या टेबलावर आमचा सीपीयू घुमत होता आणि त्याच्यातून उद्याच्या उपासनेचे कागद छापून निघत होते. इसिकेलीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून दालोचा, म्हणजे अळकुडीसारख्या कंदाचा, तुकडा मोडायला लागला. माझ्या लक्षात आलं की हा जेवेल, आभार मानेल, घरी जाईल आणि दोन वाजता त्या काळ्या स्क्रीनसमोर इस्त्रीच्या सदऱ्यात बसून राहील. जन्मात कधी हा तोंड उघडणार नाही.

शपथेमुळे मला परीक्षेचं सांगता येत नव्हतं. पण मागायचं नाही, अशी शपथ मी घेतली नव्हती.

"पाद्रीबाबा, केरेकेरे," मी म्हणालो. "तो सीपीयू मला द्या."

इसिकेलीचा हात ताटातच थांबला. पाद्रीबाबा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या दारावरची पाटी त्यांनी बाहेर उभं राहून अनेकदा वाचली होती. एकदा चर्चसाठी जुना प्रिंटर मागायला ते आले होते, तेव्हा मी त्यांना बोटाने ती दाखवलीही होती.

"विमलेश, तू मागतोयस?"

"हो. मी मागतोय."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उठले, छापून होत आलेलं पान ओढून घेतलं, मागच्या वायरी काढल्या आणि डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. वर विचारलं, स्क्रीन पण हवा का. निघताना पाद्रीणबाईंनी व्हॅनमध्ये दालोची जुडी टाकली. माझे कान तापले होते. आयुष्यात इतकं स्वस्तात मला कोणी लाजवलं नव्हतं.

वाटेत इसिकेलीने नवा घोळ घातला. सीपीयू आता माझा झाला, म्हणे. परक्याच्या वस्तूवर तो परीक्षा कशी देणार. मी गाडी न थांबवता त्याला सांगितलं की मशीन हमीत आहे, हमीतल्या मशीनची चाचणी गिऱ्हाइकाने घ्यावी लागते, दुकानाचा नियम आहे. असा नियम कुठे लिहिलेला नाही. त्याने जरा विचार केला आणि तो मानला. माणूस काट्यावरचा कारकून होता. नियम म्हटला की त्याला धीर यायचा.

दोनला आठ मिनिटं कमी असताना मी शेवटची वायर खोचली. प्रोग्रॅम जागेवर होता. खोलीत दुसरं कोणी चालणार नव्हतं, म्हणून मी बाहेर पायरीवर येऊन बसलो.

सव्वादोनला साकिउसा धावत आला. पाद्रीबाबांनी मानोआला फोन केला होता, मानोआने त्याला, आणि तिघांनी मिळून ताडलं होतं की मामा सकाळपासून सीपीयूच्या मागे फिरत होता. पोराला रडू फुटायचं बाकी होतं. तो दाराकडे निघाला तसा मी आडवा झालो. आत जायचं नाही एवढंच म्हणालो, तर तो आणखीनच घाबरला. तोवर फोनाफोनी होऊन मानोआ आला, महिला मंडळाच्या चिटणीसबाई कीबोर्ड घेऊन आल्या, आणि टॅक्सीतून वासेवा आत्या उतरली. तिच्या मागून दोघं तो मोठा स्क्रीन धरून येत होते. इसिकेलीला काय झालंय, असं तिने काठी आपटून विचारलं. आजारी आहे का, कर्ज झालंय का, देश सोडून चाललाय का. माझ्यासमोर शपथ होती आणि काठी होती. मी शपथ मोडली.

"परीक्षा देतोय," मी म्हणालो. "पस्तीसेक वर्षांपूर्वी राहिलेली. चार वाजेपर्यंत."

मग आत्याने सगळ्यांना आंब्याखाली बसायची खूण केली. पुढचा पाऊण तास माणसं येत राहिली आणि बूड टेकत राहिली. चाळीस तरी असतील. चाळीस फिजियन एका जागी आणि गाणं नाही, हे मी पहिल्यांदाच बघितलं. शेजारचा कोंबडा आरवला, तर साकिउसाने जाऊन त्याला काखेत धरला आणि चार वाजेपर्यंत तसाच बसला. लहान पोरंसुद्धा कुजबुजत नव्हती. मधूनच कोणाचे तरी ओठ हलताना दिसायचे, प्रार्थनेत. संख्याशास्त्रासाठी कोणी इतकी प्रार्थना केली असेल असं मला वाटत नाही.

इसिकेली पास झाला, हे इथेच सांगून टाकतो. एकसष्ट टक्के. निकाल तीन आठवड्यांनी आला आणि तोवर तो बघायची घाई कोणाला राहिली नव्हती.

चार वाजता दार उघडलं. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. समोर सगळा गोतावळा बघून तो जिथल्या तिथे थांबला. मग त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पायरीवरून उठून बाजूला झालो. त्याला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. वासेवा आत्या काठी टेकत पुढे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती त्याच्या छातीलाही लागत नव्हती.

"तुझा बाप गेला तेव्हा तू शाळा सोडून आलास," ती म्हणाली. "आम्ही कधी विसरलो नाही. तू देतोस, आम्ही घेतो. माउस घेतला, स्क्रीन घेतला, तुझ्या बायकोची शिलाई मशीन घेतली. आणि तू? तू माझ्याकडे कधी मीठ तरी मागितलंस? तापाने फणफणलास तेव्हा पेज घेऊन आले, तर आतून म्हणालास, जेवलो. एवढ्या वर्षांत एकदा तरी माझ्या दारात येऊन म्हणालास, आत्या, हे दे?"

इसिकेलीने नाही म्हणून मान हलवली.

"मग आम्ही तुझे कोण? भिकारी?"

मी खाली बघितलं. मी इतके महिने मनातल्या मनात या माणसांना लुटारू म्हणत होतो, आणि इसिकेली साधू आहे असं धरून चाललो होतो. तो हिशेब चुकला होता, आणि मला ते फार लागलं. बहुतेक इसिकेलीलाही लागलं असावं. तो पायरीवर बसला, म्हणजे आत्याचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं वजन अचूक सांगणारा माणूस ओठ उघडत होता आणि मिटत होता.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "सकाळपासून तीन घरी पान वाढलं, पण एक घास पोटात गेला नाही. केरेकेरे. मला जेवायला घाल."

आत्याने काठी साकिउसाच्या हातात दिली; कोंबडा अजून त्याच्या काखेतच होता. मग दोन्ही हातांनी इसिकेलीचे पाणी लावून बसवलेले केस विसकटले आणि चूल पेटवा म्हणून मागे वळून ओरडली. तोवर आंब्याखालची सगळी माणसं उठली होती.